अकरा गावांची पाहणी

६ जानेवारी, सकाळी ७.१०

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून कड्याच्या टोकापर्यंत ९.४२ मीटर. मागच्या वर्षी याच दिवशी १३.१०. म्हणजे समुद्राने वर्षात ३.६८ मीटर जमीन खाल्ली. याच वेगाने अडीच वर्षं. वेग वाढला तर दोन हिवाळे.

निर्णय झाला. बाबा आणि मी पुल्केन गाव सोडणार. चिलोए बेटच सोडणार. कुठे जायचं ते अंदाजाने नाही, पाहणी करून ठरवायचं. पिकअप घेऊन मी एकटी उत्तरेकडे जाईन. अकरा गावं, एकतीस दिवस, ४,३०० किलोमीटर. सगळ्यात चांगलं गाव निवडून परत येईन आणि बाबांना घेऊन जाईन. प्रस्थान १ फेब्रुवारी, सकाळी ६.००.

बाबांना नाश्त्याला सांगितलं. ते बटाटे सोलत होते. "हं" म्हणाले. विरोध नोंदवला नाही. संमती धरली.

ही वही फक्त पाहणीसाठी. खासगी काही लिहायचं नाही.

९ जानेवारी

निकष तयार. एकूण बारा. जमिनीचा उतार, माती, पाणी, इस्पितळ किती लांब, पावाचं दुकान चालत किती मिनिटांवर (बाबांसाठी), वगैरे. प्रत्येकाला वजन दिलं. सातवा निकष: गावाला पोचायला फेरीबोट लागता कामा नये. त्याला ४० टक्के. उरलेल्या अकरांना मिळून ६०.

शेजारच्या एर्मिंदाकाकू अंडी द्यायला आल्या आणि न विचारता कागद वाचला. "गाव शोधतेयस की नवरा? इतक्या अटी घातल्यास तर दोन्ही मिळायचे नाहीत." मग फेरीबोटीला एकटीला चाळीस का, असं विचारलं. वाहतुकीचा मुद्दा आहे, असं मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. हे त्यांच्या बाबतीत असाधारण.

दारातून वळून म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनी एकोणीसशे साठच्या भूकंपानंतर हेच घर खालच्या किनाऱ्यावरून ओढून वर आणलं. आणि तू निघालीस गावं धुंडाळायला."

मुद्दा तपासला. त्या म्हणतात ती मिंगा. घरमालक दारोदार जाऊन विनवतो, शेजारी बैल घेऊन येतात, घराखाली ओंडके घालून आख्खं घर ओढून नेतात. मजुरी नसते, जेवण असतं. आमचं घर लाकडी, वजन साधारण १७ टन. ओल्या गवतावरचं घर्षण धरता सतरा बैलजोड्या लागतील. पुल्केनमध्ये जोड्या आहेत पाच. शक्य नाही. मुद्दा मिटला.

१९ जानेवारी

बाबा गेले आठ दिवस रोज संध्याकाळी काळी हॅट घालून बाहेर पडतात. ही हॅट फक्त चर्चसाठी आणि अंत्यविधीसाठी. रोज वेगळ्या घरी जातात. परवा तर खाडीपलीकडच्या गावात गेले. येताना तोंडाला सफरचंदाच्या दारूचा वास आणि चाल थोडी डावीकडे झुकलेली.

निष्कर्ष: ते सगळ्यांचा निरोप घेत आहेत.

इतक्या लवकर आणि इतक्या शिस्तीने तयारीला लागतील असं वाटलं नव्हतं. मनावरचा भार कमी झाला. मीही त्यांना विषय काढून त्रास देणार नाही.

३० जानेवारी

प्रस्थान १५ फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकललं. कारण: पिकअपची बॅटरी. माझ्याकडून विलंब नाही.

बॅटरी आज दुपारीच मिळाली. तरीही एकदा बदललेली तारीख पुन्हा बदलू नये. नियोजनात गोंधळ होतो.

८ फेब्रुवारी

बाबा म्हणाले, "बटाटे काढून होऊ देत, मग काय ते बघ." बटाटे मार्चच्या मध्यात निघतील. त्यांची एकट्याची पाठ ते काम करू शकणार नाही. शेतीचं कारण, वैध. नवी तारीख २२ मार्च, रविवार.

हे त्यांनी सुचवलं. माझी तयारी पूर्ण होती.

११ फेब्रुवारी

सेगुंदोकाका आले होते. दोन गावांपलीकडे राहतात, बैलांच्या तीन जोड्या, तालुक्यात कुणाचीही गाडी चिखलात रुतली की ह्यांना बोलावतात. दोरी घेऊन त्यांनी आमचं घर मोजलं. लांबी, रुंदी, दाराची उंची. मग पोटावर पडून घराखाली शिरले आणि तुळया ठोकून पाहिल्या.

घर विकत घ्यायचा विचार दिसतो. मी त्यांना आकड्यांसह स्पष्ट सांगितलं की हे घर घेऊ नका, मागचा कडा ढासळतोय, तीन वर्षांत तुमचे पैसे समुद्रात जातील. सेगुंदोकाका आधी ऐकत होते. मग हसायला लागले. इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. "एलेओदोरो," त्यांनी बाबांना हाक मारली, "अरे, तुझी पोर मला सावध करतेय! हिला संसदेत पाठव, तिथे असं खरं बोलणारं कुणी नाही."

बाबा गोठ्यात होते. बाहेर आले नाहीत.

हसणं हा भाव पाडून मागण्याचा प्रकार असावा. माझं कर्तव्य झालं.

१७ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

७.९६ मीटर.

बेचाळीस दिवसांत १.४६. या वेगाने ऑक्टोबर.

घर आणि कड्याच्या मधल्या सफरचंदाच्या तीन झाडांपैकी एक गेलं. आईने लावलेलं. मुळांसकट खाली वाळूत आडवं पडलं आहे, फळं अजून त्यावर आहेत.

बाबा खाली उतरले. मी वरून नको म्हणाले. ते एक फांदी तोडून घेऊन आले आणि तिला रंगाच्या रिकाम्या डब्यात मातीत खोचलं. फेब्रुवारीत, उन्हाळ्यात, असं कलम लागत नाही. त्यांना सांगितलं नाही.

सातव्या निकषाबद्दल एक नोंद राहिली होती, ती करून ठेवते. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी दूर उत्तरेत अंतोफगास्ताला खाणीवर मोजणीचं काम करत होते. निरोप मिळाल्यावर दीड दिवसात मुख्य भूमीवरच्या फेरीच्या धक्क्याला पोचले. वाऱ्यामुळे बेटावरचं चाकाओचं बंदर बंद होतं. तीन दिवस. पलीकडचा किनारा दिसत होता. अंतर दोन-अडीच किलोमीटर.

४० टक्के हे वजन योग्य आहे. बदलायची गरज नाही.

२६ फेब्रुवारी

निलगिरीचे दोन ओंडके आले. प्रत्येकी १४ मीटर, साल काढलेले, पुढचं टोक तासून होडीसारखं वर उचललेलं. ते अंगणात ठेवले आहेत. बाबांना विचारलं, कशाला. "लागतील," म्हणाले.

कड्याला टेकू द्यायचा विचार असणार. मी जेवणाआधी वीस मिनिटं त्यांना चित्र काढून समजावलं की चौदा मीटरचे दोन ओंडके तीस मीटर उंचीच्या कड्याला थोपवू शकत नाहीत. बाबांनी सगळं ऐकलं. चित्र नीट घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "छान काढतेस. तुझी आई पण अशीच रेघा मारायची, भरतकामाआधी."

मुद्दा पोचला असं धरते.

६ मार्च

सरावफेरी. प्रस्थानापूर्वी एकदा फेरीच्या धक्क्यापर्यंत जाऊन यायचं ठरवलं होतं. घरापासून धक्का ९२ किलोमीटर. ४१व्या किलोमीटरला पिकअपमधून धातूचा आवाज येऊ लागला. सुरक्षिततेच्या दृष्टीने परत फिरले.

घरी तपासणी केली. दाराच्या कप्प्यात चमचा होता.

नोंद: सुटा भाग आढळला, काढून टाकला. सरावफेरी उपयुक्त ठरली.

१५ मार्च

बटाटे निघाले, बासष्ट पोती. बाबांनी दोन डुकरं कापली. स्वयंपाकघरात एर्मिंदाकाकू आणि आणखी चार बायका. बटाटे किसत आहेत, पिळत आहेत, ताटल्या मोजत आहेत. एकशे साठ ताटल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच, "शनिवारी." मी आत गेले की गप्प.

शनिवार म्हणजे २१. माझं प्रस्थान २२ ला.

हा निरोपसमारंभ आहे. माझ्यासाठी. एकतीस दिवसांच्या पाहणीसाठी एकशे साठ माणसं हे प्रमाणाबाहेर वाटतं, पण इथले लोक असेच आहेत. मी काही कळलंय असं दाखवणार नाही. तीन मिनिटांचं भाषण तयार करून ठेवते. भावनिक नको. आभार, मार्ग, परतीची तारीख.

एर्मिंदाकाकूंना मात्र राहवलं नाही. "तू त्या दिवशी कुठे उभी राहशील गं?" दारापाशी, मी म्हणाले. "दारापाशी? चेंगरशील, बाई! चांगली लांब टेकाडावर उभी राहा." बायका एप्रन तोंडाला लावून हसल्या.

इतकी गर्दी होणार असेल तर भाषण मोठ्याने करावं लागेल.

२१ मार्च, शनिवार, संध्याकाळी ७.४०

घटना क्रमाने लिहिते.

सकाळी ६.३० ला जाग आली, कारण माझ्या खोलीची खिडकी कुणीतरी चौकटीसकट काढून नेत होतं. "झोप तू, झोप," बाहेरून आवाज आला, "भिंत ठेवतोय."

बाहेर बैल. एकोणीस जोड्या. दोनदा मोजल्या. माणसं दीडशेच्या आसपास. ती हलत होती, म्हणून अंदाज. ओंडके घराखाली सरकवलेले, तासलेलं टोक पुढे. आमची चूल अंगणात मांडलेली आणि तिच्यावर कढया. भाषण माझ्या खिशात होतं.

सेगुंदोकाकांना गाठलं. सांगितलं की गावात पाच जोड्या आहेत, हे मी जानेवारीतच तपासलं होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पुल्केनमध्ये पाचच आहेत. पण तुझा बाप चार गावं हिंडला, दारोदार. प्रत्येक दारात पेला रिकामा केला, त्याशिवाय कुणी शब्द देतं का? त्याच्या काळजाला विचार, हिशोब तिथे आहे. काळजाला म्हणजे यकृताला." आजूबाजूचे हसले.

मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. एर्मिंदाकाकू कढईपाशी होत्या. न वळता म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू अजून वजन काढत बसली असतीस."

तेवढ्यात बाबा गर्दीतून आले. हॅट डोक्यावर नव्हती, हातात होती. दुसऱ्या हातात पेला. रिवाज असा आहे की विनवणाऱ्याने पेला पुढे करायचा, समोरच्याने तो प्यायला की शब्द दिला. बाबा माझ्यासमोर उभे राहिले आणि परक्याशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "छत्तीस घरं विचारून झाली. सदतिसावं माझंच. घर हलवायचंय. हात लावायला येशील का?"



मी विचारलं, दुसरे पर्याय तपासलेत का.

बाबा म्हणाले, "हं."

मी पेला रिकामा केला. वेळ ६.५५.

मला काम दिलं गेलं. लेव्हलचं यंत्र घेऊन टेकाडावर उभं राहायचं आणि घर कुठे कलतंय ते ओरडून सांगायचं. मी डावीकडे म्हटलं की सेगुंदोकाका बैलवाल्यांवर गरजायचे, "बाई काय म्हणतायत ऐका! ह्यांनी सरकारी रस्ते सरळ केलेत, तुमचे बैल काय चीज!" ओढ्यापाशी एक दोर तुटला. घर उत्तरेकडे सहा अंश कललं आणि तसंच थांबलं. आत आईचं कपाट होतं. त्या वेळी मी जे ओरडले त्याचा आवाज गरजेपेक्षा जास्त होता. शब्द इथे नोंदवत नाही. माणसांनी खांदे लावले. घर उभं राहिलं.

दुपारी १२.१५ ला जागेवर. ६४० मीटर ओढलं, पाच तास वीस मिनिटं. जागा एर्मिंदाकाकूंच्या वरच्या रानात, आमच्या खालच्या कुरणाच्या बदल्यात. हा व्यवहारही मला माहीत नव्हता. आईच्या कपाटातले कप: नऊपैकी नऊ शाबूत.

जेवताना बाबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "आता कडा लांब राहिला. आता तू जा. बघून ये तुझी अकरा गावं, आवडलं त्यातलं एखादं तर राहा तिथे. मला वाटायचं, ह्या घरापायी अडकून पडलीस."

पाहणी त्यांच्यासाठी होती, हे मी त्यांना समजावलं.

"मी कुठे जायचं म्हणालो?"

६ जानेवारीची नोंद काढून पाहिली. "हं" म्हणाले, असं लिहिलं आहे.

भाषण केलं नाही. विषय लागू नव्हता.

२४ मार्च

नव्या जागी मोजणी. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून कड्यापर्यंत ६१२.३० मीटर. वर्षाला ३.६८ धरता १६६ वर्षं.

पाहणीचा तांत्रिक आधार उरला नाही. तरीही जाणार. योजना तयार आहे, रस्त्यांच्या मोजणीच्या कामावरची रजा मंजूर आहे, बॅटरी नवी आहे. आता माझ्यावर कसलीही जबाबदारी नाही, त्यामुळे निघणं सोपं आहे. २२ मार्च हुकलं ते आवराआवरीमुळे. प्रस्थान २८ मार्च, सकाळी ६.००. अंतिम.

डब्यातल्या फांदीला दोन पानं फुटली आहेत. लाकडात साठलेल्या ओलाव्यावर असावीत. टिकणार नाहीत.

२७ मार्च

तयारी. टायर चार, सुटा टायर एक, नकाशे अकरा. बाबांनी बटाट्याच्या वड्यांचं गाठोडं बांधून दिलं, एकतीस दिवस पुरेल इतकं. एर्मिंदाकाकू येऊन विचारून गेल्या, "उद्या नक्की ना? नाही, माझी एक मेंढी लागलीय पैजेवर." कुणाशी पैज, ते सांगितलं नाही. त्यांनी कुठली बाजू धरलीय, तेही नाही.

संध्याकाळी घराची पातळी पुन्हा यंत्राने तपासली. उत्तरेचा कोपरा ०.४ अंश खाली. जमीन अजून बसतेय. बाबांच्या कानावर घातलं. "हं."

२८ मार्च, दुपारी १२.३०

६.०५ ला निघाले. बाबा दारात होते. हात केला. मीही केला. पाच मिनिटांचा उशीर, कारण दार नवीन दिशेला आहे.

७.५० ला चाकाओच्या धक्क्यावर. रांगेत तिसरी. आवाज नाही, चमचा नाही. हवा स्वच्छ, पलीकडचा किनारा दिसत होता. दोर सांभाळणारा माणूस खिडकीशी आला. "पुल्केनची ना तू? एलेओदोरोची? घर सरळ बसलं म्हणे, कपसुद्धा फुटला नाही." मी सांगितलं की सरळ नाही, उत्तरेला ०.४ अंश कललं आहे. तो म्हणाला, "मग मार पाचर, त्यात काय." मग आकाशाकडे बघून म्हणाला, "चढवायची तर चढव गाडी. दुपारनंतर वारा सुटेल म्हणतायत, बंदर बंद होईल. परत यायचं तर मंगळवारपर्यंत विसर."

शनिवार ते मंगळवार. तीन दिवस.

मी विचार केला. जमीन एकदा घट्ट बसली की ०.४ अंशाचा कल काढणं अवघड जातं. पाचर आठवड्याच्या आत मारायला हवी. बाबांना एकट्याला कोपरा उचलता येणार नाही. तांत्रिक कारण, वैध. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. मी रांगेतून बाहेर पडले.

१०.०५ ला घरी. एर्मिंदाकाकू कुंपणापाशी उभ्या होत्या. मला बघून हसल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "एलेओदोरोला सांग, मेंढी संध्याकाळी माझ्या गोठ्यात आणून बांध म्हणावं." म्हणजे पैज बाबांशी होती. म्हणजे मी जाईन, असं बाबांनी धरलं होतं.

यंत्र लावून उत्तरेचा कोपरा तपासला. ०.० अंश. खाली नवी पाचर होती. बाबांनी मी निघाल्यावर लगेच मारली होती, सेगुंदोकाकांना बोलावून.

मग परत का आलीस, असं बाबांनी विचारलं नाही. ते टेबलाशी बसले होते. टेबलावर दोन कप होते. त्यांतला एक माझा, सकाळचाच, उचललेला नव्हता. त्यांनी तो विसळला आणि चहा ओतला.

बंदर बंद झालेलं नाही. रेडिओवर आत्ताच सांगितलं. वारा नाही.

एकूण अंतर: १८४ किलोमीटर. पाहिलेली गावं: ०.

प्रस्थानाची नवी तारीख: सप्टेंबरात बटाटे लावून झाल्यावर.